ओढ्याच्या पाण्याची तपासणी: जिथे फेस आणि वास तिथेच ऑक्सिजन जास्त कसा येतोय?

विज्ञानवाली_मॅडम

नमस्कार मंडळी. मी पुण्याच्या पश्चिमेला एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून एक ओढा जातो, तो पुढे रामनदीला मिळतो, रामनदी पाषाण, बाणेर करत औंधजवळ मुळेला, मुळा-मुठा भीमेला आणि भीमा उजनीत. हे मुलांना नकाशावर बोट फिरवून दाखवत होते तेव्हा एकाने विचारलं, मॅडम म्हणजे आपल्या ओढ्याचं पाणी सोलापूरचे लोक पितात का? तिथून हे सगळं सुरू झालं.

गेले पाच आठवडे दर सोमवारी आम्ही पाणी तपासतोय. दोन जागा ठरवल्यात. 'क' म्हणजे वरच्या अंगाला, जिथे अजून थोडी शेती शिल्लक आहे, करंजाच्या झाडाखाली, पाणी नितळ, तळाचे दगड दिसतात. 'ख' म्हणजे रस्त्याच्या पुलाच्या पुढे, तिथे वरच्या सोसायट्यांची गटारं उघड उघड ओढ्यात सोडलेली आहेत, पांढरा फेस असतो, दगडांवर हिरवंगार शेवाळ आणि वास असा की मुलं ओढणी-रुमाल लावूनच उभी राहतात. तापमान, पीएच आणि डीओ म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन एवढंच मोजतो, डीओसाठी थेंब मोजायचं किट आहे शाळेत घेतलेलं.

आता अडचण. क ला डीओ दर वेळी ५ ते साडेपाच येतोय आणि ख ला १० ते ११!! पीएच क ला ७.४, ख ला ९ च्या आसपास. पाचही सोमवार हेच. मुलांनी तक्ता करून विज्ञान प्रदर्शनात लावला तर परीक्षक म्हणून आलेले गृहस्थ तो बघून म्हणाले की मुलांनी काहीतरी चुकवलंय, असली किटं म्हणजे खेळणी असतात, आणि पुढच्या टेबलाकडे गेले. एका पालकांनी टीडीएस मीटर आणून ख च्या पाण्यात बुडवला, ३१० आला, म्हणाले हे तर चांगलं पाणी आहे आमच्या बोअरला यापेक्षा जास्त येतो. मुलं फार हिरमुसली हो. एक मुलगी आहे नववीतली, नोंदवही तीच ठेवते, तिने मला विचारलं, मॅडम मग आपलं नाक खोटं का किट खोटं? मला उत्तर देता आलं नाही. क ला आम्ही सकाळी ८ ला जातो नववीची बॅच घेऊन आणि ख ला जेवणाच्या सुट्टीनंतर अडीचला आठवीची बॅच, तेवढाच फरक आहे बाकी पद्धत तीच. कोणाला काही सुचतंय का?

---

मुठाकाठ

आधी किटची एक्स्पायरी बघा. आमच्या कॉलेजात तीन वर्षं जुनं थायोसल्फेट (शेवटी थेंब मोजत घालतात ते रसायन) वापरत होते, ते जुनं झालं की कमजोर होतं, मग थेंब जास्त पडतात आणि ऑक्सिजन उगाच जास्त दिसतो. पण मग क ला पण जास्त यायला हवा होता म्हणा.

---

प्रयोगशाळेतले_काका

मॅडम, नाकही खरं आहे आणि किटही खरं आहे. मुलांनी काहीही चुकवलेलं नाही हे त्यांना आजच सांगा. मी तीस वर्षं पाणी तपासण्याच्या लॅबमध्ये काढली, आता निवृत्त आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही शेवटच्या ओळीत 'तेवढाच फरक आहे' म्हणालात ना, सगळी गंमत तिथेच आहे. सकाळचे ८ आणि दुपारचे अडीच. ख ला दगडांवर हिरवंगार शेवाळ आहे असं तुम्हीच लिहिलंय. सांडपाण्यातून नत्र आणि फॉस्फेट येतं, म्हणजे शेवाळाला फुकटचं खत, वर ऊन. दिवसभर ते शेवाळ प्रकाशसंश्लेषण करतं आणि पाण्यात ऑक्सिजन सोडत राहतं, दुपारी दोन-तीनला हा आकडा सगळ्यात वर असतो. त्याच वेळी ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून पीएच चढतो. तुमचा ९ चा पीएच ही त्याची साक्षच आहे, नुसत्या घाणीने पीएच ९ होत नाही (साबणाच्या पाण्याने थोडाफार वाढतो पण रोज सारखा नाही वाढणार).

आता एक हिशोब मुलांना करायला द्या. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. समुद्रसपाटीला २० अंशाला लिटरला ९.१ मिलिग्रॅम, २५ ला ८.३, ३० ला ७.६ च्या आसपास. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब कमी, म्हणून हे आकडे सहा-साडेसहा टक्क्यांनी खाली धरायचे. तुमच्या दुपारच्या पाण्याचं तापमान २८-२९ असेल तर हवेतून जास्तीत जास्त सव्वासात विरघळेल. तुम्हाला ११ मिळतोय! हा वरचा ऑक्सिजन आला कुठून? हवेतून येणं शक्यच नाही, तो पाण्यातच तयार होतोय. याला अतिसंपृक्त म्हणतात आणि ते निरोगी ओढ्याचं नाही, खत जास्त झालेल्या ओढ्याचं लक्षण आहे.

मग रात्री काय होतं? रात्री तेच शेवाळ श्वास घेतं, ऑक्सिजन बनवत नाही, नुसता खातं. सांडपाण्यातले जिवाणू तर दिवसरात्र खात असतात. म्हणून पहाटे, सूर्य उगवायच्या थोडं आधी, डीओ तळाला जातो. ओढ्याचं खरं दुखणं पहाटे कळतं. मासे मरतात ते पण पहाटेच, लोक सकाळी येऊन बघतात आणि म्हणतात रात्री कोणीतरी विष टाकलं.

तेव्हा असं करा. दोन्ही जागा एकाच दिवशी, शक्यतो एकाच वेळी, एकदा सूर्योदयाला आणि एकदा दुपारी अडीचला. म्हणजे चार आकडे मिळतील. क चा सकाळ-दुपार फरक आणि ख चा सकाळ-दुपार फरक, या दोन फरकांची तुलना करा, एकेकट्या आकड्याची नको.

बाटली भरण्याबद्दल. पुलावरून बादली सोडून पाणी काढत असाल तर ते बंद करा, बादली आपटली की हवा मिसळते आणि डीओ वाढतो. बाटली आडवी धरून पाण्याखाली हळू भरायची, तोंड पाणी वाहत जातं त्या दिशेला ठेवायचं, नाही तर बुडबुडे जातात, झाकण पाण्याखालीच लावायचं, मग उलटी करून बघायचं आत एकही बुडबुडा नको. आणि पहिली दोन रसायनं जागेवरच घालायची. शाळेत नेऊन अर्ध्या तासाने घातली तर तोवर बाटलीतले जिवाणू ऑक्सिजन खात बसलेले असतात.

ती दोन रसायनं घातली की गाळ धरतो बघा, मँगनीजचा. त्या गाळाकडे नीट लक्ष द्यायला शिकवा मुलांना, थेंब मोजायच्या आधी अर्धं उत्तर तिथेच असतं. गडद तपकिरी म्हणजे ऑक्सिजन भरपूर, फिकट बदामी म्हणजे कमी. आणि पांढरा राहिला तर ऑक्सिजन नाहीच. तीस वर्षांत मी पांढरा गाळ पुष्कळदा पाहिला पण प्रत्येक वेळी पोटात कालवतं.

पालकांच्या टीडीएस मीटरबद्दल. तो मीटर पाण्यात विरघळलेले क्षार अंदाजे सांगतो, तेही पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा ५०० आहे, त्या हिशोबाने ३१० छानच. पण मैल्यातले जंतू, साबण, सडणारी घाण यातलं काहीही त्या मीटरला दिसत नाही. एखाद्या ग्लासभर चांगल्या पाण्यात चमचाभर गटाराचं पाणी टाका, मीटर जेमतेम हलेल. हा प्रयोग त्या पालकांसमोरच करून दाखवा, वाद न घालता.

आणखी एक, स्वस्तातलं. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण सडताना किती ऑक्सिजन खाते ते. आपल्याकडे लॅबमध्ये २७ अंशाला ३ दिवस ठेवून काढतात, शाळेत तसं इन्क्युबेटर नसतं. पण मिथिलिन ब्ल्यू मिळतो, मासेपालनाच्या दुकानात औषध म्हणून विकतात. काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटल्या काठोकाठ भरा, प्रत्येकीत सारखेच दोन थेंब, अंधाऱ्या कपाटात ठेवा. पाण्यातला ऑक्सिजन संपला की निळा रंग उडतो. कुठल्या जागेचं पाणी किती तासांनी पांढरं पडतं एवढंच लिहायचं. घाण जास्त तर रंग लवकर उडतो. जुनी पद्धत आहे ही, मुलांना डोळ्यांनी दिसते.

आणि विसरायच्या आधी: किटमधलं ॲसिड तुम्ही स्वतःच घाला, मुलांना देऊ नका. आयोडाइडच्या बाटलीत बऱ्याचदा अझाइड असतं, ते विषारी आहे. तपासून झालेलं पाणी ओढ्यात ओतायचं नाही, कॅनमध्ये साठवून शाळेच्या प्रयोगशाळेत आणायचं. ओढा तपासायला गेलो आणि त्यातच रसायन ओतून आलो असं व्हायला नको.

---

चतुरवेडा

काकांनी केमिस्ट्री सांगितली, मी किडे सांगतो :)

मॅडम रसायनाचा आकडा हा त्या क्षणाचा फोटो असतो. तुम्ही सोमवारी गेलात, टँकरवाल्याने शुक्रवारी रात्री काही ओतलं असेल तर सोमवारी त्याचा पत्ता नाही. पण तळाच्या दगडांखाली जे राहतं ते शुक्रवारी रात्री पण तिथेच होतं, त्याला पळून जाता येत नाही. म्हणून दगड उलटा करून बघा.

काय लागतं: पिठाची चाळणी नाही, जरा मोठ्या भोकांची, रव्याची असते ती. एक पांढरा ट्रे किंवा स्टीलची परात, चिमटा नको त्याने चिरडतात, रंगाचा मऊ ब्रश घ्या. भिंग. उथळ खळखळत्या पाण्यात चाळणी प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरायची आणि वरच्या अंगाचे दगड हाताने घासायचे, जे सुटेल ते चाळणीत येतं. परातीत थोडं पाणी घेऊन त्यात सोडायचं आणि दोन मिनिटं अजिबात हलवायचं नाही. आधी वाटतं नुसता पालापाचोळा आहे आणि मग तो पाचोळा चालायला लागतो. पोरांच्या तोंडावरचं ते बघण्यासारखं असतं.

क ला तुम्हाला बहुतेक मेफ्लायची पिल्लं मिळतील, चपटी, मागे बहुधा तीन शेपट्या, पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले आणि ते सतत फडफडत असतात. त्यांना चांगला ऑक्सिजन लागतो. वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी बांधणाऱ्या अळ्या असतात, कॅडिसफ्लायच्या, त्या मिळाल्या तर समजा तो ओढा अजून बरा आहे. चतुर आणि टाचण्यांची पिल्लं मधल्या दर्जाच्या पाण्यात पण तग धरतात. ख ला काय मिळेल ते मी न बघता सांगू शकतो: लालभडक बारीक अळ्या, मासेवाले ब्लडवर्म म्हणतात त्या. लाल का, तर त्यांच्या अंगात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, जिथे ऑक्सिजन जेमतेम आहे तिथूनही ओढून घेतात. आणि एक लांब शेपटीची अळी, ती शेपटी म्हणजे श्वास घ्यायची नळी, पाण्याबाहेर काढून हवा घेते, तिला पाण्यातल्या ऑक्सिजनशी देणंघेणंच नाही. ती दिसली तर पुढचं किट काढायची गरज नाही.

नावं इंग्रजी-लॅटिन पाठ करायला लावू नका. आमच्या गटात मुलांनी स्वतः नावं ठेवली होती, फडफड्या, नळीवाला, लाल्या. एकदा ओळख पटली की मग पुस्तकातलं नाव आपोआप येतं. सगळे जीव परत तिथेच सोडायचे, दगड होता तसा पालथा ठेवायचा.

मी पुण्यातच असतो, एखाद्या रविवारी यायला आवडेल मला, कळवा.

---

पंचगंगाकाठचा

आमच्याकडं कोल्हापुरात हे सगळं आम्ही नदीवर बघितलंय म्हणून लिहितो. पंचगंगेवर खाली शिरोळ तालुक्यात तेरवाडचा बंधारा आहे, उन्हाळ्यात पाणी अडवलं की साचतं, वरून सांडपाणी येतच असतं, आणि एका सकाळी बघावं तर मासे तरंगत असतात, ढीगच्या ढीग. काका म्हणाले ते पहाटेचं अगदी खरं आहे, मासे आदल्या संध्याकाळपासूनच वर येऊन तोंडं उघडझाप करत असतात, जुनी मच्छीमार माणसं ते बघूनच सांगतात की उद्या मरणार. तुमच्या ओढ्यात गप्पी मासे असतील तर ते वर तोंड लावून हवेजवळचं पाणी ओढतात म्हणून टिकतात, त्यावरून मुलांनी 'मासे आहेत म्हणजे पाणी चांगलं' असं नका लिहू देऊ, आमच्या पोरांनी पहिल्या वर्षी तेच लिहिलेलं.

आणि एक कळकळीनं सांगतो मॅडम. पाणी दिसायला कसं आहे यावर जाऊ नका. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली होती, माणसं गेली त्यात. घरातल्या नळाचं पाणी होतं ते, ग्लासात धरलं तर कुणाला काही वाटलं नसतं. माझी मावशी त्यात दोन महिने अंथरुणाला होती. तेव्हापासून मी पाण्याच्या मागं लागलो. ओढ्याच्या काठी कुठं विहीर, हातपंप असंल आणि लोक ते वापरत असतील तर एच टू एस ची बाटली लावा. ग्वाल्हेरच्या संरक्षण खात्याच्या लॅबमधल्या शास्त्रज्ञांनी ऐंशीच्या दशकात काढलेली पद्धत आहे ही. पाणी भरून ३०-३५ अंशाला ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं झालं तर त्यात मैल्याची भेसळ आहे असं धरायचं. ओढ्याच्या पाण्यावर लावू नका, ते काळं होणारच, त्यात काय कळायचंय? विहिरीवर लावा, तिथं लोकांच्या कामाला येतं. काळी बाटली ब्लीचिंग पावडरचं पाणी घालून रात्रभर ठेवायची मगच ओतायची.

---

विज्ञानवाली_मॅडम

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. काका, तुमचा हिशोब आज मुलांकडून फळ्यावर करून घेतला, सव्वासात आल्यावर वर्गात एकदम शांतता, मग मागच्या बाकावरून आवाज आला, 'म्हणजे शेवाळ फुगवतंय आकडा'. बादलीचं पण खरंय, आम्ही पुलावरूनच बादली सोडत होतो.

दोन शंका. एक म्हणजे सूर्योदयाला मुलांना ओढ्यावर न्यायचं तर पालकांना काय सांगू, लेप्टोच्या तापाची भीती वाटते सगळ्यांना आणि ती रास्त आहे. दुसरी, हे आकडे घेऊन आम्ही महापालिकेकडे किंवा प्रदूषण मंडळाकडे गेलो तर काही उपयोग आहे का? मागे एका कार्यालयात मी विषय काढला तर तिथल्या माणसाने सांगितलं की शाळकरी मुलांच्या आकड्यांना काडीची किंमत नाही, आमचे आकडे तेवढे खरे. मुलांना हे कसं सांगायचं मला कळत नाहीये.

---

प्रयोगशाळेतले_काका

लेप्टो उंदरांच्या लघवीतून पाण्यात येतो आणि कातडीवरच्या जखमेतून, डोळ्या-नाकातून शरीरात शिरतो. म्हणून गमबूट, रबरी हातमोजे, ज्याला खरचटलंय त्याने त्या दिवशी काठावर वही धरायची, पाण्यात उतरायचं नाही. साबण आणि स्वच्छ पाण्याचा कॅन बरोबर न्या, हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. पाण्यात दोनच मुलं, बाकी काठावर, आणि पहाटेच्या फेरीला दोन-तीन पालकच बरोबर घ्या, म्हणजे परवानगीचा प्रश्नही सुटतो आणि त्यांनाही दिसतं.

पावसाळ्यात पूर असताना नेऊ नका, कितीही मुलं मागे लागली तरी. रामनदीला २०१० च्या ऑक्टोबरात एका रात्रीत पूर आला होता, एरवी ओढ्याएवढी दिसणारी नदी आहे ती. त्या दिवसाचा रकाना 'पूर, नोंद घेतली नाही' असं लिहून सोडायचा. रिकामा रकाना ही पण नोंदच आहे, अंदाजाने भरलेला आकडा मात्र सगळी वही बाद करतो.

---

अर्जवाला_भाऊ

दुसऱ्या शंकेवर मी लिहितो, माहिती अधिकाराचे अर्ज करण्यात बरीच वर्षं गेलीत.

त्या कार्यालयातल्या माणसाचं अर्धं बरोबर आहे. १९७४ च्या पाणी प्रदूषण कायद्यात कलम २१ आहे, कोर्टात पुरावा म्हणून चालणारा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो, समोरच्याला नोटीस देऊन, नमुन्याचे दोन भाग करून, सील करून. त्यामुळे मुलांच्या किटचा आकडा घेऊन कोणावर खटला भरता येणार नाही. पण 'काडीची किंमत नाही' हे साफ चूक. मंडळाचा माणूस प्रत्येक ओढ्यावर रोज उभा राहू शकत नाही. देशात ३५१ नदीपट्टे प्रदूषित असल्याचं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये सांगितलं, त्यात सगळ्यात जास्त, ५३, आपल्या महाराष्ट्रातले, नंतरच्या २०२२ च्या यादीत देशाचे ३११ झाले आणि आपले ५५. या याद्या नद्यांच्या आहेत, तुमच्या ओढ्याचं त्यात नावही नसणार. तुमच्या ओढ्याची सलग नोंद असलेली जगातली एकमेव वही त्या नववीतल्या मुलीकडे आहे.

तर अर्जात 'पाणी प्रदूषित आहे, कारवाई करा' असं लिहू नका, तो कागद फायलीत जाऊन बसतो. असं लिहा की अमुक पुलाच्या खालच्या अंगाला, अमुक पाइपच्या तोंडाशी, इतक्या सोमवारी, सकाळी इतके वाजता आम्हाला अमुक दिसलं, तरी आपण त्याच वेळी आपला नमुना घ्यावा. वेळ महत्त्वाची. अधिकारी दुपारी तीनला येऊन डीओ घेऊन गेला तर तुमचाच ओढा कागदावर एक नंबर ठरेल, हे तुम्हाला आता कळलंच आहे. सोबत तारीख दिसणारा पाइपचा फोटो. तुलनेला केंद्रीय मंडळाची वर्गवारी जोडा: आंघोळीच्या पाण्याला डीओ ५ किंवा जास्त आणि बीओडी ३ किंवा कमी, मासे-वन्यजीवांसाठी डीओ किमान ४. सांडपाणी ओढ्यात सोडलेलं असेल तर आधी महापालिकेच्या मलनिःसारण विभागाला, प्रत मंडळाला. पोचपावतीचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

मुलांच्या सह्या घेऊ नका अर्जावर, शाळेच्या नावानेही विचार करून द्या. पालकांपैकी दोघांनी नागरिक म्हणून दिला तर बरं.

---

मेरीलँडची_आई

मी मूळची नाशिकची, आता इकडे. माझ्या मुलीच्या शाळेत सहावीपासून मुलांना क्रीकवर नेतात, दगड उलटे करून किडे मोजतात, चतुरवेडा यांनी सांगितलं अगदी तसंच. इथे ही चळवळ १९६९ पासून आहे, सेव्ह अवर स्ट्रीम्स नावाने, आणि ती सगळी सामान्य लोकांच्या नोंदींवर चालते. मला एकच सांगायचंय, इथे वरच्या वर्गाची मुलं जाताना आपली जागा खालच्या वर्गाला 'सोपवतात', प्रत्यक्ष ओढ्यावर नेऊन दगड दाखवून. नाही तर शिक्षक बदलले की वही कपाटात जाते. नाशिकला आमच्या लहानपणी नासर्डीच्या काठाने शाळेत जायचो, कोणी एकाने जरी तेव्हा वही ठेवली असती तर आज केवढं कामाला आलं असतं.

---

विज्ञानवाली_मॅडम

काल रविवारी पहाटेची फेरी झाली, सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

सहा मुलं, चार पालक, त्यात टीडीएस मीटरवाले वडील पण आले स्वतःहून. सहा वाजता अंधारच होता, टॉर्च घेऊन आधी क ला गेलो. बाटली आडवी धरून भरली, उलटी करून बघितली, बुडबुडा नाही. दोन्ही रसायनं घातली, बाटली खालीवर केली, तपकिरी गाळ बसला, साडेचार आला. तिथून दहा मिनिटांत ख ला.

ख ला तसंच सगळं केलं. नोंदवहीवाली मुलगी बाटली हलवत होती. गाळ धरला आणि सगळे टॉर्च त्या बाटलीवर. पांढरा. तिने परत हलवली, परत थांबलो, दुधाचं पाणी करतात ना तसा पांढरट, तपकिरी रंगाचा मागमूस नाही. एकाने विचारलं मॅडम रसायन संपलं का. म्हणून दुसरी बाटली भरून परत केलं. ती पण पांढरी. त्यांना पांढऱ्याचा अर्थ माहीत होता, काकांचं सगळं मी वर्गात वाचून दाखवलं होतं, त्यामुळे कोणी काही बोललं नाही. त्या वडिलांनी टॉर्च बंद केला आणि पाइपाकडे बघत उभे राहिले. ते त्याच वरच्या सोसायट्यांपैकी एका सोसायटीत राहतात.

दुपारी अडीचला परत दोन्हीकडे गेलो. क साडेसहा, ख साडेदहा. म्हणजे क चा फरक दोन आणि ख चा साडेदहा. मुलांनी चारही आकडे एकाच आलेखावर काढले, क ची रेघ जवळजवळ आडवी आणि ख ची उभी भिंत. प्रदर्शनातला जुना तक्ता फाडला नाही, त्याच्याशेजारीच हा लावलाय, खाली वेळा मोठ्या अक्षरात लिहून.

मिथिलिन ब्ल्यूच्या बाटल्या काल दुपारी कपाटात ठेवल्या होत्या. आज सकाळी उघडून बघितलं तर ख ची पांढरी पडलीय, क ची अजून निळी आहे, मुलं दर तासाला येऊन कपाट उघडून बघताहेत त्यामुळे शेवटी कुलूप लावलं. त्या वडिलांनी सोसायटीच्या मीटिंगला सांडपाण्याच्या लाइनीचा विषय घ्यायला सेक्रेटरींना पत्र दिलंय, आणि अर्ज पण तेच देणार म्हणाले, अर्जवाला भाऊ तुम्ही मजकूर एकदा बघून द्याल का?

चतुरवेडा, रव्याची चाळणी आणि परात आणलीय, ब्रश चित्रकलेच्या सरांनी दिले. येत्या रविवारी साडेसातला क ला भेटू, करंजाच्या झाडाखाली. याल ना?